पाकीट, हप्ता आणि वैद्यकाची नीती

(तालुका कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘डॉक्टरांची घसरलेली नीतिमत्ता’ असा छापला आहे. संयोजकांची क्षमा मागून मी त्यात थोडी दुरुस्ती करणार आहे. नीतिमत्ता घसरली असे म्हटले, की ती पूर्वी केव्हा तरी उंचावर होती आणि पुढे माणसेच वाईट निपजू लागली, असे गृहीत धरावे लागते. माणसे पिढीगणिक वाईट का निपजावीत, याचे उत्तर माझ्या शास्त्रात नाही. बर्नार्ड शॉ यांनी ‘द डॉक्टर्स डायलेमा’ हे नाटक १९०६ साली लिहिले. पाय कापण्याची गरज आहे की नाही हे ज्याने ठरवायचे, त्यालाच पाय कापण्याचे पैसे मिळतात, हे वैगुण्य त्यांनी पुढे त्याच्या प्रस्तावनेत दाखवून दिले. तेव्हा हे दुखणे आपल्या गावचे नाही आणि कालचेही नाही. परंतु आपल्या महाराष्ट्रात गेल्या चाळीस वर्षांत ते ज्या रीतीने वाढले, त्या रीतीला एक हिशेब आहे. हजारो माणसे एकमेकांना न ओळखता एकच गैरवर्तन जवळपास एकाच दराने करू लागली, तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तेथे बाजार शोधला पाहिजे. ‘कट’चा दर ठरलेला असतो, हे आपणापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे.

त्या बाजाराची ओळख मला पुस्तकातून झाली नाही. ती माझ्या घरातून झाली, म्हणून प्रथम ते सांगतो. 

माझा एक पुतण्या शल्यचिकित्सक आहे. त्याचे वडील, म्हणजे माझे थोरले बंधू, माध्यमिक शाळेत शिक्षक होते. मुलगा हुशार, एमबीबीएस त्याने सरकारी महाविद्यालयातून गुणवत्तेवर केले. पदव्युत्तर शिक्षणासाठी मात्र सरकारी जागा थोडक्यात हुकली. दुसऱ्या वर्षी पुन्हा परीक्षा द्यावी, की खाजगी महाविद्यालयात पैसे भरून जागा घ्यावी, असा प्रश्न घरात उभा राहिला. आजकाल नुसत्या एमबीबीएसला विचारतो कोण, असे सर्वांचे मत पडले. राहते घर गहाण टाकून चाळीस लाखांचे कर्ज काढण्यात आले. जामीनदार म्हणून सही माझी आहे. प्राध्यापकाचे निवृत्तिवेतन बँकेच्या दृष्टीने चांगली हमी असते.

शिक्षण संपवून त्याने एका तालुक्याच्या गावी दवाखाना थाटला. कर्जाचा व्याजदर ११ टक्के, मुदत १० वर्षे; म्हणजे दरमहा सुमारे ५५ हजारांचा हप्ता. जागेचे भाडे, दोन परिचारिका, एक कंपाउंडर, वीज, उपकरणांचे वेगळे कर्ज मिळून दरमहा दीड लाख रुपये बाहेर जाणार, हे पहिल्या दिवसापासून निश्चित होते. अनिश्चित होते ते रुग्ण. शल्यचिकित्सकाकडे रुग्ण सहसा आपण होऊन येत नाही. गल्लीतला डॉक्टर त्याला पाठवतो. पहिल्या सहा महिन्यांत फारसे कोणी पाठवले नाही. मग बाजारपेठेतले एक वयस्क डॉक्टर त्याला म्हणाले, “तुमचा हात चांगला आहे असं ऐकतो. पण तुमचा व्यवहार काही कळला नाही.”

व्यवहार म्हणजे तीस टक्के. महिन्याच्या पाच तारखेला, पाकिटातून.

त्याने मला फोन केला. “काका, मी हे करणार नाही,” असे तो म्हणाला. मला अभिमान वाटला, आणि मी तीन महिन्यांचे हप्ते माझ्या बचतीतून भरले. चौथ्या महिन्यापासून त्याचे हप्ते वेळेवर जाऊ लागले. ते कसे जाऊ लागले, हे मी विचारले नाही. माझ्या आयुष्यात मी अनेक व्यासपीठांवरून भ्रष्टाचाराविरुद्ध बोललो आहे. परंतु बँकेची नोटीस माझ्या दारी यायची थांबली, तेव्हा मी गप्प राहिलो, ही गोष्ट आपल्यासारख्या कार्यकर्त्यांपुढे लपवण्यात अर्थ नाही.

आता आपण त्याचा हिशेब मांडून पाहू. एका शस्त्रक्रियेमागे वीस हजार रुपये मिळतात असे धरा. कट न देता दीड लाखाचा खर्च भागवायचा, तर महिन्याला साडेसात शस्त्रक्रिया लागतात. तीस टक्के पाकिटात गेले, की हाती चौदा हजार उरतात आणि शस्त्रक्रियांची संख्या सुमारे पावणेअकरावर जाते. यात डॉक्टरच्या घरखर्चाचा पैसा अद्याप धरलेला नाही. केवळ दार उघडे ठेवायचे म्हणून महिन्याला तीन ते साडेतीन शस्त्रक्रिया जादा करायच्या आहेत. तेवढे जादा आजारी लोक त्या तालुक्यात असतीलच असे नाही. नसले तर काय होते?

काय होते ते मला त्यानेच एका रात्री सांगितले. पोटात वायू धरतो म्हणून एक शेतमजूर बाई गल्लीतल्या डॉक्टरकडे गेली. त्यांनी सोनोग्राफीस पाठवले. सोनोग्राफीवाल्याने त्यांना त्यांचा वाटा दिला. पित्ताशयात खडे दिसले. असे खडे अनेकांच्या पोटात आयुष्यभर निमूट पडून असतात आणि ते त्रास देत नसतील तर बहुधा त्यांना हात लावायचा नसतो, हे शल्यचिकित्सेचा विद्यार्थीही जाणतो. बाईचे दुखणे जेवणाच्या अनियमितपणाचे असावे असे त्याला मनोमन वाटत होते. त्याने शस्त्रक्रिया केली. बाईने एक गाय विकली. जखम उत्तम भरून आली, बाई पाया पडून गेली, आणि दिवाळीला घरचे तूप घेऊन आली. “काका, तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं,” असे तो म्हणाला.

बाईच्या त्या कृतज्ञतेत या प्रश्नाचे मर्म आहे. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली एक निबंध लिहिला. आरोग्याच्या अर्थशास्त्राची सुरुवात पुष्कळदा तेथून मानतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की वैद्यकीय सेवेत विकत घेणाऱ्याला मालाची पारख करता येत नाही. भाजी किडकी निघाली तर गिऱ्हाईक उद्या दुसऱ्या गाड्यावर जाते. बाजाराचा नैतिक पहारा काय तो एवढाच. येथे माल चांगला की वाईट, मुळात लागत होता की नव्हता, हे गिऱ्हाइकाला मरेपर्यंत कळत नाही. म्हणून समाज डॉक्टरकडून दुकानदारापेक्षा वेगळ्या वर्तनाची अपेक्षा धरतो आणि ते गृहीत धरून आपले शरीर त्याच्या हवाली करतो. आपण काय केले? अपेक्षा वैद्याची ठेवली आणि जगण्याच्या अटी दुकानदाराच्या घातल्या.

या अटी कोणी घातल्या, हे तारखांनिशी सांगता येते. पैसे घेऊन वैद्यकीय जागा देण्याची प्रथा मणिपालला १९५३ साली सुरू झाली होती. महाराष्ट्रात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३-८४ च्या सुमारास, विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांना मुक्तद्वार मिळाले. सहकारी साखर कारखान्यांतून उभे राहिलेले नेतृत्व शिक्षणसंस्थांकडे वळले. साखरसम्राटांना शिक्षणसम्राट ही दुसरी पदवी लाभली. परप्रांतात जाणारा आपला पैसा आणि आपली मुले येथेच राहतील, असा युक्तिवाद त्या वेळी करण्यात आला, आणि तो अगदीच खोटा होता असे मी म्हणणार नाही. देणगीविरोधी कायदा १९८७ साली झाला. १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने देणगी घटनाबाह्य ठरवली. पुढे २००२ साली टी. एम. ए. पै आणि २००५ साली इनामदार खटल्याच्या निकालांनी विनाअनुदानित संस्थांना आपली शुल्करचना ठरवण्याचा पुष्कळसा अधिकार मान्य केला. तेव्हापासून जे टेबलाखालून जात होते त्यातले बरेचसे पावतीवर येऊ लागले. पावती मिळाली, एवढाच फरक विद्यार्थ्याच्या दृष्टीने पडला. भरलेला पैसा वसूल करण्याची निकड तीच राहिली.

सरकारी महाविद्यालयातून अल्प शुल्कात शिकलेले डॉक्टर कट घेत नाहीत काय, असे आपण विचाराल. घेतात, देतातही. कर्ज हे सगळ्याचे कारण असते, तर त्यांनी तरी स्वच्छ राहायला हवे होते. परंतु बाजारातला भाव एकदा ठरला, की तो प्रत्येक विक्रेत्याला लागू होतो. त्याने माल स्वस्तात आणला होता की महागात, हे बाजार विचारत नाही. त्याच गल्लीत शेजारचा पाकीट देत असेल, तर न देणाऱ्याकडे रुग्ण येत नाहीत. येथे मी आपल्या एका लाडक्या समजुतीलाही धक्का देणार आहे. डॉक्टर वाढले की स्पर्धा वाढेल आणि आपोआप शिस्त येईल, असे आपलेही कार्यकर्ते बोलतात. देशातल्या एमबीबीएसच्या जागा २०१४ पूर्वी ५१ हजार ३४८ होत्या. २०२४ साली त्या १ लाख १२ हजारांवर गेल्या. शिस्त आली काय? पुरवठा स्वतःची मागणी स्वतःच निर्माण करतो, हा से नावाच्या फ्रेंच अर्थशास्त्रज्ञाचा नियम केन्सने १९३६ साली मोडीत काढला, असे मी तीस वर्षे वर्गात शिकवले. वैद्यकीय व्यवसायात तो अजून ठणठणीत आहे. एका रस्त्यावर चौथे प्रसूतिगृह निघाले म्हणून बाळंतपणे वाढत नाहीत. वाढतात त्या बाळंतपणातल्या शस्त्रक्रिया. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या सरकारी रुग्णालयांतील १४.३ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले, तर खाजगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के. अवघड बाळंतिणी काही प्रमाणात खाजगीकडे जात असतील, काही स्वतःहून मागणीही करत असतील. पण एवढी तफावत तेवढ्याने भरून निघत नाही.

आणि आता बीडकडे वळू. ऊसतोडणीला जाणाऱ्या जोडप्याला मुकादम ‘कोयता’ म्हणून मोजतो. नवराबायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर. एक दिवस काम बुडाले तर खाडा पडतो आणि उचलीतून पैसे कापले जातात. पाळीच्या दिवसांत, अंगावरून जात असताना, फडात पाणी नाही, आडोसा नाही, विश्रांती तर नाहीच. २०१९ साली या प्रश्नाचा बोभाटा झाल्यावर शासनाने जी पाहणी केली, तीत बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांच्या भाषेत ‘पिशवी काढली’. त्यांतल्या कित्येक तर ऐन उमेदीच्या वयातल्या होत्या.

या शस्त्रक्रिया कशा झाल्या असतील? डॉक्टरने कर्करोगाची भीती घातली, असे अनेकींनी सांगितले. ते खरे मानूनही मला दुसरी बाजू दिसते. खाड्याच्या धाकाने बाईलाच पिशवी नकोशी झाली होती. एका बाजूला मजुरीच्या बाजाराने पिचलेली बाई, दुसऱ्या बाजूला हप्त्याच्या तारखेने पिचलेला किंवा नुसताच लोभी डॉक्टर, आणि त्या दोघांची गाठ शस्त्रक्रियेच्या टेबलावर पडली. बाईच्या संमतीच्या कागदावर अंगठा होता. कायद्याने सगळे ठाकठीक. तिने तो खर्चही मुकादमाची उचल घेऊन केला असेल, तर ती उचल फेडायला पुन्हा फडात जायचे आहे. ज्या साखरेच्या पैशातून वैद्यकीय महाविद्यालयांच्या इमारती उठल्या, त्याच साखरेच्या तळाशी ही बाई आहे. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. पुढे गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन बीडमध्ये घालण्यात आले. एक परवानगी एवढे करू शकते, तर ती आधी का लागत नव्हती?

काही मित्र सुचवतात, की डॉक्टर पगारी झाला म्हणजे प्रश्न सुटेल. पगार कोणाचा, हे आधी पाहावे लागेल. मोठ्या शहरांतल्या कंपनीच्या मालकीच्या रुग्णालयांत डॉक्टर पगारीच असतात, आणि त्यांना महिन्याचे लक्ष्य दिलेले असते: बाह्यरुग्ण विभागात आलेल्या किती जणांना शस्त्रक्रियेपर्यंत नेले, किती तपासण्या लिहिल्या. हे मी ऐकीव सांगत नाही. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेसाठी डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१५ साली जो अहवाल तयार केला, आणि पुढे डॉ. अभय शुक्ला यांच्यासह त्यावर पुस्तक लिहिले, त्यात डॉक्टरांनीच हे सांगितले आहे. लक्ष्य गाठले नाही तर नोकरी जाते. बाहेर नव्या विशेषज्ञांची रांग उभीच असते. त्या रुग्णालयांत रात्रपाळी सांभाळायला मात्र तुटपुंज्या पगारावर आयुर्वेदाचे किंवा होमिओपॅथीचे पदवीधर नेमलेले दिसतात, आणि पहाटे तीन वाजता रुग्णाचे जे होते ते त्यांच्या हातून होते. त्या बिचाऱ्यांच्या नोकरीच्या अटींबद्दल कोणी बोलत नाही. हा एका स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

तो अहवाल वाचताना माझ्या मनावर ठसले ते हे, की ७८ माणसे बोलायला तयार झाली. पाकीट नाकारून कमी मिळकतीत वर्षानुवर्षे टिकून राहिलेले डॉक्टर प्रत्येक तालुक्यात एखाददुसरे असतात. म्हणून परिस्थितीकडे बोट दाखवून माझ्या पुतण्याला किंवा मला सुटता येणार नाही. बाईची गाय गेली ती परिस्थितीमुळे, असे तिला सांगायला मी जाणार नाही. परंतु अपवादात्मक धैर्याच्या आधारावर सार्वजनिक आरोग्याची व्यवस्था उभी करता येत नाही. सामान्य धैर्याच्या माणसालाही सरळ वागणे परवडेल, अशी तजवीज राज्याला करावी लागते.

तजवीज म्हणून आजवर झाले ते कागदावर. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत कट घेणे आणि देणे दोन्ही निषिद्ध आहे. त्याच परिषदेच्या अध्यक्षांना २०१० साली लाचेच्या आरोपावरून अटक झाली. परिषद जाऊन २०२० साली राष्ट्रीय वैद्यक आयोग आला. त्याने २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवी आचारसंहिता जाहीर केली आणि त्याच महिन्यात स्थगित केली. महाराष्ट्रात २०१७ साली कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा तयार झाला. तो विधिमंडळातून कायदा होऊन बाहेर पडलाच नाही. मला त्याबद्दल फार हळहळ वाटत नाही, हे ऐकून आपणास आश्चर्य वाटेल. पाकिटाचा साक्षीदार कोण? देणारा आणि घेणारा. असा कायदा तक्रारीवाचून पडून राहतो किंवा वैमनस्य साधायला वापरला जातो.

मुळाशी जायचे तर १९४६ सालापर्यंत मागे जावे लागते. भोर समितीने त्या वर्षी सांगितले होते, की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये, आणि सरकारी सेवेतल्या डॉक्टरने पूर्णवेळ, पगारी, खाजगी व्यवसायाविना काम करावे. आपण तो अहवाल गौरवला आणि कपाटात ठेवला. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. २०२१-२२ साली तो १.८४ टक्के होता. लोकांच्या खिशातून थेट जाणारा वाटा ६४ टक्क्यांवरून ३९ टक्क्यांवर आला, असे सरकारी हिशेब सांगतात. आला असेल तर चांगलेच आहे. पण सरकार डॉक्टरांना कायम पगारी नोकरी देत नाही, तोवर तरुण डॉक्टरपुढे कर्ज काढून दुकान थाटणे किंवा कंपनीचे लक्ष्य गाठणे, याच दोन वाटा उरतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाच्या दोन गोष्टी मी सांगतो. आपापल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मंजूर पदे किती, भरलेली किती, आणि त्यांतली कायम किती, कंत्राटी किती, हे माहितीच्या अधिकारात लेखी मागा आणि उत्तर फलकावर लावा. भूलतज्ज्ञाचे पद रिकामे असेल तर शस्त्रक्रियागृह असून नसल्यासारखे असते, आणि तेथला प्रत्येक रुग्ण बाजाराकडे ढकलला जातो. म्हणून त्या एका पदासाठी आंदोलन करावे लागले तरी करा. दुसरे, शुश्रूषागृह नोंदणीचे सुधारित नियम महाराष्ट्राने २०२१ साली केले, त्यानुसार प्रत्येक खाजगी रुग्णालयाने दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावली पाहिजे. किती ठिकाणी लावली आहे, ते येत्या पंधरवड्यात फिरून पाहा. डॉक्टरांशी भांडण म्हणून जाऊ नका. त्यांच्यातला जो पाकीट देत नाही, त्याला आधी भेटा. तो कोण, हे गावातला औषधविक्रेता बरोबर सांगतो.

पुतण्याचे पुढे काय झाले, ते विचारल्यावाचून आपण मला सोडणार नाही. दोन वर्षांपूर्वी त्याने दवाखाना मोडला. उपकरणे मिळेल त्या किमतीला विकली, बँकेशी बोलून कर्जाची मुदत वाढवून घेतली. हप्त्याचा काही भाग मी अजून भरतो. तो सध्या एका ग्रामीण रुग्णालयात आहे, अकरा महिन्यांच्या नेमणुकीवर. दर अकरा महिन्यांनी आदेश संपतो, मध्ये काही दिवस तो घरी बसतो, मग पुन्हा नवा आदेश निघतो. भूलतज्ज्ञ नसल्यामुळे तेथे त्याला गळू फोडणे आणि टाके घालणे याखेरीज फारसे काही करता येत नाही. बाकीचे रुग्ण तो जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला होता. जिल्ह्याच्या एका खाजगी रुग्णालयाचा माणूस येऊन भेटून गेला. महिन्याला रुग्ण किती पाठवता येतील, अशी चौकशी करत होता. जाताना टेबलावर पाकीट ठेवून गेला. ते परत करायला हा दुसऱ्या दिवशी एसटीने साठ किलोमीटर गेला आणि आला, आणि त्या दिवसाची त्याची रजा बिनपगारी मांडली गेली.